जॉन ॲटिओ ब्रिस्टल सोडून का गेला नाही?

१९५५ सालच्या हिवाळ्याच्या तोंडावर ब्रिस्टल शहरात एक नवल घडलं. शहरात व्यावसायिक फुटबॉलचे दोन क्लब, रोव्हर्स आणि सिटी. दोघांचं सख्य विळ्याभोपळ्याचं, पण पत सारखीच. दोघेही त्या वेळी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या मुख्य पंगतीबाहेर. २ ऑक्टोबरला रोव्हर्सचा जेफ ब्रॅडफर्ड कोपनहेगनला इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळला आणि डेन्मार्कवर गोल करून आला. ३० नोव्हेंबरला सिटीचा जॉन ॲटिओ वेम्ब्लीवर स्पेनविरुद्ध पहिल्यांदा उतरला. त्यानेही गोल केला.

दोघेही आघाडीचे खेळाडू, दोघांनीही लीगमधली अख्खी कारकीर्द एकाच क्लबात काढली. ब्रॅडफर्डचे लीगमध्ये ४६१ सामने आणि २४२ गोल. ॲटिओचे सगळ्या स्पर्धा धरून ६४५ सामने आणि ३५१ गोल. खेळ संपल्यावर ब्रॅडफर्ड एव्हनमथ बंदराकडे तेलाचा टँकर चालवू लागला आणि ॲटिओ शाळेत गणित शिकवू लागला. दोन्ही कामं मानाचीच आहेत, पण त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा वेगळ्या होत्या. ॲटिओची वाट त्याने एकोणिसाव्या वर्षीच आखून घेतली होती.

ॲटिओबद्दल लिहिणारे बहुतेक जण ‘निष्ठा’ या शब्दापाशी येऊन थांबतात. एवढ्या ताकदीचा खेळाडू, इंग्लंडसाठी खेळलेला, तरी पंधरा वर्षं धाकट्या क्लबात राहिला, म्हणजे केवढा निष्ठावान! मला हा शब्द इथे जरा घाईने वापरल्यासारखा वाटतो. त्या काळचा पगाराचा हिशोब आणि क्लबांचे नियम मांडून पाहिले, की या निर्णयात भावनेआधी व्यवहार दिसू लागतो, आणि तो चांगलाच पक्का दिसतो.

वीस पौंडांचं छप्पर

इंग्लंडमध्ये १९०१ पासून फुटबॉलपटूच्या पगाराला कमाल मर्यादा होती. सुरुवात आठवड्याला ४ पौंडांपासून झाली. महायुद्ध संपताना ही मर्यादा ९ पौंड होती, १९४७ ला १२ झाली, १९५१ ला १४, १९५३ ला १५, १९५७ ला १७ आणि १९५८ ला २०. हा आकडा हंगामाचा. उन्हाळ्यात सामने नसत तेव्हा पगारही उतरे. १९५८ मध्ये हंगामात २० पौंड असतील तर उन्हाळ्यात १७. सामना जिंकला तर बोनस, तोही नियमाने बांधलेला. आणि हे सगळं कमाल बरं का. खालच्या डिव्हिजनमध्ये कित्येकांना त्याहून कमीच मिळे, कारण किमान किती द्यायचं याची क्लबांना फारशी फिकीर नव्हती.

हे आकडे कामगाराच्या पगाराशेजारी ठेवले की खरी गोष्ट कळते. १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या पुरुष कामगाराची सरासरी कमाई आठवड्याला सव्वाआठ पौंडांच्या आसपास होती. १४ पौंड घेणारा फुटबॉलपटू त्याच्यापुढे ऐटीत होता. दहा वर्षांनी कामगार पंधरा पौंडांच्या पुढे गेला आणि फुटबॉलपटू विसावर अडकून राहिला. कारखान्यातला माणूस पासष्टाव्या वर्षापर्यंत कमावणार होता. फुटबॉलपटूचा गुडघा तिशीतच बोलू लागतो.

पैशाचं छप्पर हा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा ‘राखून ठेवण्याचा’ नियम. खेळाडूचा करार एका वर्षाचा असे. हंगाम संपला की क्लब यादी लावी: हे आम्ही ठेवले, हे विकायला काढले, हे मोकळे सोडले. ‘ठेवले’ या रकान्यात नाव आलं की विषय संपला. करार संपलेला असला तरी नोंदणी क्लबाकडेच राही, आणि नोंदणीशिवाय लीगमधल्या दुसऱ्या क्लबाकडून खेळता येत नसे. नवा करार मान्य नसेल तर खेळाडूने घरी बसावं, आणि बसल्याचा पगार देण्याची सक्ती क्लबावर नाही. विकला गेलाच, तर हजारो पौंड एका क्लबाकडून दुसऱ्याकडे जात आणि खेळाडूच्या हातावर सहीचे १० पौंड पडत. बरेच खेळाडू क्लबाच्या मालकीच्या घरात राहत. क्लब सुटला की घरही सुटे.

खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष जिमी गथ्री हा पोर्ट्समथचा माजी कर्णधार. त्याने १९५५ च्या कामगार संघटनांच्या अधिवेशनात फुटबॉलपटूंची तुलना थेट गुलामांशी केली. आठवड्याला पंधरा पौंड घेणाऱ्याला गुलाम म्हणणं अतिशयोक्तीच आहे. आपल्याकडचा ‘दावणीला बांधलेला’ हा शब्द मात्र चपखल बसतो. वैरण वेळेवर मिळते, पाठीवरून हातही फिरतो, फक्त दावं सोडायचं कुणी हे जनावर ठरवत नाही.

या व्यवस्थेचा एक परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. पगाराची मर्यादा सगळ्या डिव्हिजनना एकच होती. तिसऱ्या डिव्हिजनचा एखादा क्लब आपल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला आर्सेनलच्या खेळाडूएवढाच पगार कायदेशीर देऊ शके. म्हणजे धाकटा क्लब सोडून थोरल्याकडे गेल्याने कागदोपत्री एक पैसाही वाढत नसे. टेबलाखालून देवघेव चाले, नाही असं नाही. १९५७ मध्ये संडरलँड क्लब त्यात पकडला गेला आणि त्याला ५,००० पौंडांचा दंड झाला. पण टेबलाखालच्या पैशावर माणसाने आयुष्य उभं करायचं का, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडतोच.

डिल्टन मार्शचा मुलगा

जॉन ॲटिओचा जन्म ७ फेब्रुवारी १९३२ चा, विल्टशर परगण्यातल्या डिल्टन मार्श या खेड्यातला. जवळचं मोठं गाव वेस्टबरी, आणि ब्रिस्टल तिथून चाळीसेक किलोमीटरवर. मुलगा शाळेत हुशार होता. ट्रोब्रिजच्या हायस्कुलात शिकला आणि वेस्टबरी युनायटेडकडून खेळला. अंगापिंडाने दांडगा, डोक्याने चेंडू मारण्यात पटाईत. पोर्ट्समथने त्याला हौशी खेळाडू म्हणून जवळ केलं होतं. पोर्ट्समथ म्हणजे त्या काळी गंमत नव्हती. १९४९ आणि १९५० अशी लागोपाठ दोन वर्षं तो क्लब इंग्लंडचा लीगविजेता होता.

उलट ब्रिस्टल सिटी १९५१ मध्ये तिसऱ्या डिव्हिजनच्या दक्षिण गटात होती. तेव्हा तिसऱ्या डिव्हिजनचे उत्तर आणि दक्षिण असे दोन गट असत आणि त्याखाली लीगमध्ये काहीच नसे. चौथी डिव्हिजन १९५८ मध्ये आली. सिटीचं मैदान ॲश्टन गेट, शहराच्या दक्षिणेला बेडमिन्स्टरच्या बाजूला. तो भाग तंबाखूच्या कारखान्यांचा. १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकाला ज्या विल्सचं नाव होतं ती सिगारेटची पेढी मूळची ब्रिस्टलची, आणि तिचे मोठे कारखाने याच बेडमिन्स्टरला होते. शनिवारी अर्धा दिवस काम करून तिथले कामगार पायीच मैदानावर जात असतील, इतकं ते जवळ आहे.

सिटीचा अध्यक्ष हॅरी डॉल्मन. पेशाने इंजिनियर, स्वतःचा कारखाना असलेला. १९५३ मध्ये ॲश्टन गेटवर प्रकाशझोताचे दिवे लागले त्यांची आखणी यानेच केली होती. फुटबॉल क्लबांचे अध्यक्ष तेव्हा बहुधा खाटीकखान्याचे किंवा दारूभट्टीचे मालक असत आणि खेळाडूंशी जरा मालकी थाटातच बोलत. डॉल्मनला निदान हिशोबाची भाषा कळत होती. एकोणीस वर्षांच्या ॲटिओला त्याने १९५१ च्या उन्हाळ्यात सिटीकडे वळवलं.

ॲटिओची अट साधी होती. फुटबॉल खेळेन, पण अर्धवेळ. उरलेल्या वेळात क्वांटिटी सर्व्हेअरचं शिक्षण चालू राहील. बांधकामात विटा किती, सिमेंट किती, मजुरी किती हे नकाशावरून काढणाऱ्याचं ते काम. युद्धात बाँब पडून ब्रिस्टलचा मधला भाग बसला होता आणि तो नव्याने बांधला जात होता. त्या वेळी, त्या शहरात या कामाला मरण नव्हतं.

ही अट पोर्ट्समथसारख्या क्लबाने कितपत चालवून घेतली असती याची मला शंका आहे. विजेत्या क्लबाला पूर्णवेळ माणसं हवी असतात. धाकट्या क्लबाला चांगला खेळाडू हवा असतो आणि त्यासाठी तो वाकायला तयार असतो. ॲटिओने वाटाघाटीची जागा बरोबर निवडली. पैशात घासाघीस करायला नियमाने वावच नव्हता, कारण वर छप्पर होतं. मग घासाघीस करायची ती वेळेची. आठवड्याचे तास आपल्याकडे ठेवायचे. पगाराची मर्यादा क्लब देत असलेल्या पैशाला होती. बाहेर दुसऱ्या कामाचं किती कमवावं याला लीगचा नियम लागू नव्हता. छपराखाली उभा राहूनही बाहेर हात काढायची ही युक्ती, आणि ती अगदी कायदेशीर.

खेळ

ऑगस्ट १९५१ मध्ये तो सिटीच्या मुख्य संघात आला आणि पंधरा वर्षं तिथेच राहिला. संघाचा व्यवस्थापक तेव्हा पॅट बीझली. मग पीटर डोहर्टी, मग फ्रेड फोर्ड. व्यवस्थापक बदलत गेले, संघपत्रकावर ॲटिओ तसाच राहिला.

१९५४-५५ मध्ये सिटीने तिसऱ्या डिव्हिजनचा दक्षिण गट जिंकला. ४६ सामन्यांत ७० गुण. विजयाला दोनच गुण मिळण्याचा तो काळ, तेव्हा ७० म्हणजे जवळजवळ धुमाकूळच. पुढच्या हंगामात संघ वर गेला आणि सहा महिन्यांच्या आत ॲटिओ वेम्ब्लीवर होता.

त्याची इंग्लंडची कारकीर्द सहा सामन्यांची. तिच्याकडे जरा निवांत बघायला हवं, कारण आकड्यांत ती फार चांगली आहे आणि तरीही तिथेच थांबते. स्पेनवर ४-१, त्यात त्याचा एक गोल. मे १९५६ मध्ये ब्राझीलवर ४-२. या सामन्यात इंग्लंडने दोन पेनल्टी वाया घालवल्या, एक रॉजर बर्नने आणि एक ॲटिओने. समोर गोलरक्षक होता जिल्मार, जो दोनच वर्षांनी विश्वविजेता होणार होता. आठवड्याभरात स्टॉकहोमला स्वीडनशी ०-०. मग वर्षभर काहीच नाही. मे १९५७ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीसाठी पुन्हा बोलावणं. वेम्ब्लीवर आयर्लंड ५-१, त्याचे दोन गोल. कोपनहेगनला डेन्मार्क ४-१, एक गोल. आणि मग १९ मे, डब्लिन.

डॅलिमाउंट पार्क गच्च भरलं होतं. तिसऱ्याच मिनिटाला रिंगस्टेडने आयर्लंडला पुढे नेलं आणि मग जवळजवळ नव्वद मिनिटं इंग्लंडचा संघ भिंतीवर डोकं आपटत राहिला. आयर्लंड जिंकलं असतं तर इंग्लंडशी गाठ पुन्हा एका सामन्यात पडायची शक्यता होती. अगदी शेवटच्या क्षणी टॉम फिनी उजवीकडून बचाव भेदत गेला, त्याने चेंडू उचलून दिला आणि ॲटिओने डोक्याने आत घातला. १-१. मैदानावर अशी चिडीचूप झाली की ती शांतता पार शहराच्या मध्यापर्यंत ऐकू गेली, असं डब्लिनमध्ये अजून सांगतात. त्या बरोबरीने इंग्लंड १९५८ च्या विश्वचषकाला गेलं.

ॲटिओ गेला नाही. डब्लिन हा त्याचा इंग्लंडसाठी शेवटचा सामना ठरला. सहा सामने, पाच गोल, एकही पराभव नाही, वय पंचवीस.

का वगळलं? सोपं उत्तर लगेच तोंडावर येतं: धाकट्या क्लबात राहिला म्हणून. मीही बरीच वर्षं असंच धरून चाललो होतो. पण मग जॉनी हेन्सचं काय करायचं? फुलहॅम तेव्हा सिटीसारखाच दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता आणि हेन्स इंग्लंडच्या संघात ठाण मांडून बसला होता. तेव्हा डिव्हिजन हे एकमेव कारण धरता येत नाही. इंग्लंडचा संघ त्या काळी व्यवस्थापक वॉल्टर विंटरबॉटम एकटा निवडत नसे, फुटबॉल असोसिएशनची निवड समिती निवडत असे, आणि समित्यांची स्मरणशक्ती जगभर सारखीच असते. नोव्हेंबर १९५७ मध्ये बॉबी रॉबसन आला आणि त्याने पहिल्याच सामन्यात फ्रान्सवर दोन गोल केले. पुढच्या वसंतात बॉबी चार्ल्टन आला. जागा भरत गेल्या. ॲटिओ लंडन किंवा मँचेस्टरच्या क्लबात, समितीच्या डोळ्यांपुढे दर शनिवारी असता, तर त्याला आणखी एकदोनदा बोलावलं असतं असं मला वाटतं. याहून जास्त म्हणायला माझ्याकडे आधार नाही.

डब्लिनच्या त्या संघाकडे आणखी एका कारणासाठी बघावं लागतं. ६ फेब्रुवारी १९५८ च्या म्युनिक विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचे जे खेळाडू दगावले, त्यांतले चार त्या दिवशी ॲटिओबरोबर खेळले होते: बर्न, डंकन एडवर्ड्स, टॉमी टेलर आणि डेव्हिड पेग. पेगचा तर इंग्लंडसाठी तो एकच सामना. उजव्या बाजूचा बचावपटू जेफ हॉल एप्रिल १९५९ मध्ये पोलिओने गेला. अकरांपैकी पाच जण दोन वर्षांच्या आत. विश्वचषकाचं तिकीट काढणारा आणि विश्वचषक खेळलेला असे संघ इतके निराळे असण्यामागे हेही आहे.

नदीपलीकडचा ब्रॅडफर्ड

आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, रोव्हर्सच्या ईस्टव्हिल मैदानावर जाऊ. ब्रॅडफर्ड ॲटिओपेक्षा साडेचार वर्षांनी मोठा. रोव्हर्सचं धोरण होतं की खेळाडू विकत घ्यायचे नाहीत आणि विकायचेही नाहीत. गावच्या पोरांवर संघ उभा करायचा. ऐकायला छान वाटतं. पण ‘विकायचे नाहीत’ याचा अर्थ राखून ठेवण्याच्या नियमाखाली काय होतो, ते वर सांगितलंच आहे. दाव्याला रंगीत गोंडा बांधला तरी ते दावंच.

ब्रॅडफर्डने एका सामन्यात एक गोल करूनही इंग्लंडने त्याला पुन्हा कधी बोलावलं नाही. जानेवारी १९५६ मध्ये रोव्हर्सने एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत मँचेस्टर युनायटेडला ४-० असं धुतलं, त्यात त्याचा एक गोल होता. त्याच महिन्यात पुढच्या फेरीत त्याच्या गुडघ्याने दगा दिला. पहिल्यांदाच नव्हे. १९५३ मध्येही गुडघा असाच गेला होता, आणि तेव्हा तो कित्येक महिने बाहेर राहून हंगामाच्या शेवटच्या सामन्यात परतला आणि स्टोकविरुद्ध हॅटट्रिक करून बसला. या दुसऱ्या दुखापतीनंतरही तो परत आला आणि १९६४ पर्यंत खेळला. जिद्द म्हणावी तर ही.

दोघांच्या गोष्टीत खेळाचा फरक फार थोडा आहे. गुणवत्ता एका तोलाची, शहर एक, पगाराचं छप्पर एक, आणि दोघांना बांधणारा नियमही तोच. ब्रॅडफर्ड पूर्णवेळ फुटबॉलपटू होता. त्याचा गुडघा गेला तेव्हा घरातलं सगळंच पणाला लागलं होतं. ॲटिओचा गेला असता तर शनिवार गेला असता, सोमवार राहिला असता. प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. ॲटिओच्या निर्णयाची किंमत त्याने काय मिळवलं यावरून करण्यापेक्षा, त्याला कशाची भीती बाळगावी लागली नाही यावरून करायला हवी.

दुसऱ्या वाटा होत्या का?

१९५७ मध्ये पंचविशीतल्या ॲटिओपुढे काय काय होतं?

पहिल्या डिव्हिजनमध्ये जाणं. पगार तेवढाच, कारण मर्यादा १७ पौंडच. सिटीने सोडायला हवं होतं, ते सोडतीलच असं नाही. अभ्यास आणि काम बुडालं असतं. मिळकतीत भर काय, तर नाव. इंग्लंडच्या जागेसाठी ते कामी आलं असतं, आणि इंग्लंडसाठी खेळण्याचे पैसे नगण्यच होते.

परदेश. त्याच वर्षी जॉन चार्ल्स लीड्समधून इटलीत युव्हेंटसला गेला, ६५,००० पौंडांना. सही करताना त्याला स्वतःला १०,००० पौंड मिळाले. इंग्लंडमध्ये सहीचे १० मिळत. हजारपट. पैशापुरतं बोलायचं तर फुटबॉलपटूला छप्पर फोडून बाहेर पडायची खरी वाट हीच होती. पण ती मोजक्यांनाच उघडी होती, तिथेही क्लबाची परवानगी लागेच, आणि इटलीत अर्धवेळ फुटबॉल हा विचारही कुणी केला नसता.

भांडणं. ही वाट पुढे न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टमने घेतली. १९६० मध्ये त्याने करारावर सही करायला नकार दिला, क्लबाने सोडायला नकार दिला, आणि इंग्लंडचा भावी खेळाडू दक्षिणेत एका ओळखीच्या माणसाकडे बूच विकायच्या नोकरीला लागला. अखेर क्लब नमला आणि त्याला आर्सेनलला विकलं, पण खटला चालूच राहिला. ४ जुलै १९६३ ला न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी राखून ठेवण्याची पद्धत म्हणजे उपजीविकेवर गैरवाजवी बंधन असल्याचा निकाल दिला. गंमत बघा, ईस्टमला घरी बसून क्लबाशी झुंजणं जमलं ते दुसरं काम हाताशी होतं म्हणून. ॲटिओकडे तसं काम पहिल्या दिवसापासून होतं. पण सिटीशी भांडायचं त्याला कारणच नव्हतं, त्याला हवं ते आधीच मिळालं होतं.

छप्पर उडतं

जानेवारी १९६१ मध्ये खेळाडूंच्या संघटनेचा तेव्हाचा अध्यक्ष जिमी हिल याच्या पुढाकाराने खेळाडूंनी संपाची तयारी केली आणि संप व्हायच्या आतच लीगने पगाराची मर्यादा काढून टाकली. फुलहॅमने हेन्सला आठवड्याला १०० पौंड देऊ केले. एका रात्रीत पाचपट.

याच क्षणी ॲटिओच्या हिशोबातलं एक गृहीतक कोसळलं. १९५१ मध्ये धाकट्या आणि थोरल्या क्लबात पगाराचा फरक नव्हता, आता पडणार होता. आणि सिटी कुठे होती? १९६० मध्येच तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरलेली. ॲटिओला एकोणतिसावं वर्ष चालू. नोव्हेंबर १९६० मध्ये कपच्या सामन्यात चिचेस्टर सिटीला ११-० हरवताना त्याने पाच गोल केले, पण समोर हौशी संघ होता. १०० पौंड देणारे क्लब तिशीला टेकलेल्या, तिसऱ्या डिव्हिजनमधल्या माणसासाठी रांग लावत नव्हते.

तर मग त्याचं चुकलं का? हा प्रश्न रास्त आहे. पाचसहा वर्षं उशिरा जन्मला असता तर त्याच माणसाला तोच निर्णय महागात पडला असता, आणि कदाचित त्याने तो घेतलाही नसता. पण १९५१ मध्ये बसून १९६१ दिसत नव्हतं. पन्नास वर्षं टिकलेला नियम आणखी टिकेल असं धरून चालणं, यात मला कुठे वेडेपणा दिसत नाही. निर्णय त्या दिवशी हाती असलेल्या पत्त्यांवर तोलायला हवा.

एक गोष्ट मात्र माझ्या या सगळ्या मांडणीत नीट बसत नाही, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. १९६१ नंतरही तो आणखी पाच हंगाम खेळला. हातात दुसरा पेशा होता, क्वांटिटी सर्व्हेइंगकडून तो आता शिक्षकीकडे वळत होता. तिसऱ्या डिव्हिजनच्या चिखलात, पायांवर लाथा खात उभं राहायची पैशासाठी गरज उरली नव्हती. तरी तो उभा राहिला. १९६४-६५ च्या हंगामात सिटी आणि मॅन्सफील्ड यांचे गुण सारखे झाले आणि गोलांच्या सरासरीवर सिटी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये परतली. तेहेतीस वर्षांचा ॲटिओ संघात होता. या पाच वर्षांना निष्ठा म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही. आधीच्या दहांना तो शब्द लावला की त्यांतली अक्कल झाकली जाते.

मे १९६६ मध्ये त्याने थांबायचं ठरवलं. दोन महिन्यांनी इंग्लंडने वेम्ब्लीवर विश्वचषक जिंकला आणि ईस्टम त्या बावीस जणांच्या चमूत होता, जरी मैदानात एकदाही उतरला नाही. ॲटिओ वॉर्मिन्स्टरच्या किंगडाउन शाळेत गणित शिकवू लागला. ही शाळा डिल्टन मार्शपासून अगदी जवळ, पाचसहा किलोमीटरवर.

८ जून १९९३ ला तो वारला, एकसष्टाव्या वर्षी. पुढच्या वर्षी ॲश्टन गेटवर गोलमागचा नवा स्टँड उभा राहिला, त्याला त्याचं नाव दिलं. दुसऱ्या बाजूच्या स्टँडला आधीपासूनच डॉल्मनचं नाव होतं. ब्रॅडफर्ड त्याच १९९४ च्या डिसेंबरात गेला.